पांढऱ्या फोटोतले डोळे

"उजेड लय कमी हाय."

मनकर्णाच्या उजव्या कानाशी कुणीतरी कुरकुरलं. इतक्या जवळून की कानाच्या पाळीला वाफ लागली.

तिनं मान न वळवता उत्तर दिलं. "वाढवायलेय की अप्पा. जरा दम धरा."

तिनं माउस सोडला आणि खुर्ची फिरवली.

मागे गिऱ्हाइकाची प्लास्टिकची खुर्ची होती...

रिकामी.

विरूपाक्षअप्पा केव्हाच उठून गेले होते. काचेच्या दारातून ते समोरच्या हॉटेलात बशीत चहा ओतताना दिसत होते.

ही गोष्ट घडलेली आहे. मनकर्णा माझी चुलत जाऊ. तिला खोटं बोलताच येत नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर वाढायच्या आधीच सांगून मोकळी होते. आणि ही रात्रीची गोष्ट नाही. गेल्या वर्षीचा मे महिना, सेलूची बाजारगल्ली, दुपारचे सव्वादोन. ऊन असं की कुत्रीसुद्धा डोळे मिटून रस्ता ओलांडत होती. ज्यांना फक्त अंधाराची भीती वाटते त्यांनी इथंच थांबावं. यात अंधार कुठंच नाही.

गल्लीत योगीराजचा फोटो स्टुडिओ आहे. योगीराज म्हणजे मनकर्णाचा नवरा. तो लग्नाच्या शूटिंगला गावोगाव हिंडतो आणि ही कॉम्प्युटरवर बसते. शिकवलं तिला कुणी नाही. वीस-बावीस वर्षं पोळ्या लाटून झाल्यावर एका ऐन लग्नसराईत योगीराजचा कामाचा माणूस सोडून गेला. तेव्हा ही मोबाईलवर व्हिडिओ बघत, फाईली उडवत, नवऱ्याची बोलणी खात शिकली. आता तोच गिऱ्हाइकांना सांगतो, हिच्यासारखा हात पाथरीपर्यंत कुणाचा नाही.

तिची खासियत म्हणजे पांढरा फोटो. व्हिडिओवाले त्याला हाय-की म्हणतात. मागचं सगळं पांढरं, चेहऱ्यावरच्या सावल्या काढून टाकलेल्या, माणूस उजेडातून उगवल्यासारखा. बायोडाटाला चालतो. वारलेल्या माणसाला तर फारच शोभतो. पण उजेड वाढवत गेलं की चेहऱ्याच्या कडा उडायला लागतात. पेडगावच्या एका नवरदेवाचं नाकच गायब झालं होतं. मुलीकडच्यांनी फोन करून चौकशी केली, तरी लग्न झालं.

नाक गेलं तरी चालतं, मनकर्णा म्हणायची. डोळे तेवढे काळे राहिले पाहिजेत. पांढऱ्या फोटोतून डोळे उडाले की माणूसच उडाला.

अप्पा ज्या फोटोसाठी आले होते तो त्यांच्या आईचा होता. चन्नबसम्मा आज्जी. वय अठ्ठ्याहत्तर. वारून चार दिवस झाले होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान आहे. मालक गेल्यापासून आज्जी तीस वर्षं गल्ल्यावर बसल्या. अप्पांचे केस पिकले तरी ते आपले मागे पोती लावत होते. गल्ल्याला हात लावायची त्यांची टाप नव्हती. चार वर्षांपूर्वी आज्जी गल्ल्यावरून उठल्या आणि अप्पा बसले.

आज्जी माडीवरून पडून गेल्या. माडीच्या टोकाला एक दार आहे आणि दाराबाहेर काहीच नाही. तिथं सज्जा बांधायचा होता, तो राहून गेला. भिंतीतून नुसत्या सळया बाहेर आलेल्या आहेत. उन्हाळ्यात वारं यावं म्हणून ते दार उघडं ठेवतात. भर दुपारी आज्जी त्या दारातून सरळ बाहेर गेल्या.

घरचे म्हणाले, पाय घसरला.

गल्लीही म्हणाली, पाय घसरला.

आज्जींनी उभ्या जन्मात कुणाला फोटो काढू दिला नव्हता. आधारकार्डावर एक होता, पण त्यात त्या कुणीही असू शकल्या असत्या. कामाचा म्हणावा असा फोटो एकच. शेवटचा. ते लिंगायत, त्यांच्यात मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात. नवं लुगडं, कपाळाला विभूती, गळ्यात हार, पाठीला लोड. भजन चालू असतं आणि घरचे भोवती बसून फोटो काढून घेतात. त्या फोटोत आज्जी चांगल्या ताठ बसलेल्या होत्या.

फक्त डोळे मिटलेले.

असे फोटो मनकर्णाकडे वर्षाला पाच-सात येतात. डोळे उघडून द्यायचे असतात. त्यासाठी तिच्याकडे एक फोल्डर आहे, त्याचं नावच 'डोळे'. ओळखीचे, अनोळखी, जमवून ठेवलेले. वय बघायचं, मापात बसवायचे, झालं. पण अप्पांना फोल्डरमधले नको होते.

"स्वच्छ पायजेत वहिनी," ते म्हणाले. "काळेभोर. आईची नजर शेवटपर्यंत चांगली होती. सुईत दोरा ओवायची."

मनकर्णानं मान पडद्याकडे वळवली.

कारण आज्जींच्या डोळ्यांत चार वर्षांपासून दूध उतरलेलं होतं. संक्रांतीला ती तिळगूळ द्यायला गेली तेव्हा आज्जींनी तिचं तोंड हातानं चाचपलं होतं. कोण, योगीराजची का, असं विचारलं होतं. मग कुरकुरल्या होत्या की इथं उजेड लय कमी हाय. त्या तेव्हा अंगणात बसल्या होत्या, उन्हात. आणि आतून अप्पांचा आवाज आला होता. मान वर न करता दिलेला, रोजच्या सवयीचा. "दिवाळीनंतर बघू, आई."

अशा चार दिवाळ्या झाल्या. मोतीबिंदूच्या फुकट शिबिराची गाडी दर वर्षी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबायची. निम्म्या गल्लीच्या म्हाताऱ्या काळे चष्मे लावून, ऐटीत परत आल्या. आज्जी त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. हे सगळ्यांना माहीत होतं. पण मयताच्या घरी असलं बोलायचं कुणी?

मनकर्णा "बरं" म्हणाली. ते 'बरं' तिला अजून टोचतं.

मग डोळे कुणाचे घ्यायचे तेही अप्पांनीच सुचवलं. त्यांची मुलगी रुद्राणी, एकोणीस वर्षांची, अगदी आज्जीच्या वळणावर गेलेली. नर्सिंगच्या परीक्षेच्या फॉर्मसाठी तिचा फोटो याच स्टुडिओत काढला होता. फाईल कॉम्प्युटरवर होतीच. घरचेच डोळे लावा म्हणाले, आणि चहाला गेले.

मनकर्णानं रुद्राणीचा फोटो उघडला. दोन्ही डोळ्यांभोवती बारीक आखून घेतलं. कॉपी केलं. आज्जींच्या मिटल्या पापण्यांवर आणून बसवलं.

एवढं लक्षात ठेवा. तिनं कॉपी केलं होतं... कट नाही.

मग ती उजेड वाढवायला लागली, आणि तेव्हाच कानाशी ती कुरकुर ऐकू आली.

उन्हानं कान वाजत असतील, असं तिनं मनाला सांगितलं. माठातलं पाणी प्याली आणि कामाला लागली. मागची भिंत पांढरी झाली. लोड गेला. लुगड्याचा काठ विरघळला. कपाळावरची विभूतीही पांढऱ्यात उडून गेली. ते चालणार नव्हतं, म्हणून तिनं तीन बोटांच्या तीन रेघा हलक्या राखाडी रंगानं पुन्हा ओढल्या. संध्याकाळी आज्जी पडद्यावर अशा दिसत होत्या की योगीराजनं लांबूनच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फाईल उघडली...

फोटो काळवंडला होता.

मागचं पांढरं मातकट झालेलं. गालावर सावल्या परत आलेल्या. स्क्रीन बिघडली म्हणावं तर शेजारी उघडलेला बारशाचा फोटो लख्ख होता. तिनं पुन्हा उजेड वाढवला. ब्राइटनेसचा काटा उजव्या टोकाला जाऊन टेकला. त्याच्यापुढे पांढरं नसतंच. कॉम्प्युटरला त्याच्यापुढचं पांढरं ठाऊकच नाही.

तरीही कानाशी...

"कमी हाय."

या वेळी ती वळली नाही. वळून काय दिसेल याची तिला भीती होती, आणि काहीच दिसणार नाही याची जास्त. तिनं घाईघाईनं फोटो प्रिंटला पाठवला. योगीराजनं फ्रेम करून आणली. फ्रेममध्ये फोटो एकदम उत्तम होता. काळे, टपोरे, तरणे डोळे समोर बघत होते.

आठव्या दिवशी फ्रेम न्यायला रुद्राणी आली.

ती दारातच थांबली. एक हात चौकटीवर, दुसरा हवेत.

"काकू, एवढ्या लाईटी काऊन लावल्यात?"

लाईट अर्ध्या तासापासून गेलेली होती. मनकर्णा पुठ्ठ्यानं वारा घेत बसली होती.

रुद्राणी हसत हसत सांगायला लागली, पण तिचे ओठ कोरडे पडले होते. चार दिवस झाले, सगळं पांढरं दिसायलंय म्हणाली. धुक्यात बसल्यासारखं. पुस्तकातली अक्षरं तर पार धुवून निघाली. परभणीच्या डॉक्टरांनी तपासलं, थेंब घालून आत बघितलं, डोळ्यांत काहीही दोष नाही म्हणाले. पप्पा म्हणायलेत ऊन लागलं. वीस तारखेला पेपर आहे.

"काकू, मी वर्षभर अभ्यास केलाय हो," ती म्हणाली. मग फ्रेम छातीशी धरून निघाली.

मनकर्णा तिला बघत राहिली. पोरगी दुकानांच्या शटरांवर हात टेकत, एक एक शटर मोजत चालली होती.

आज्जी अशाच चालायच्या.

लाईट आल्याबरोबर तिनं रुद्राणीची मूळ फाईल उघडली. युनिफॉर्मचा निळा ड्रेस, दोन वेण्या, ओठांत दाबलेलं हसू. सगळं जागच्या जागी होतं.

आणि डोळ्यांच्या जागी...

दूध.

बुबुळं नव्हती. दोन पांढरे डाग होते, आणि ते तिच्याकडेच लागलेले होते.

कॉपी केल्यानं मूळ फोटोतलं काही जात नाही. हे तिला झोपेतसुद्धा माहीत होतं. तिनं पेनड्राईव्हवर ठेवलेली फाईल काढली. तीही तशीच. मग तिला आठवलं, फॉर्मसाठी आठ पासपोर्ट काढले होते, त्यातले दोन ड्रॉवरमध्ये राहिले असतील. ते कागदावर छापलेले. कागदाला कोण काय करणार? तिनं ड्रॉवर ओढला, पाकीट झटकलं. दोन फोटो टेबलावर पालथे पडले.

तिनं एक उलटा केला.

दुसरा केला नाही.

ते पाकीट आजही त्याच ड्रॉवरमध्ये आहे. ती उघडत नाही. मीही कधी दाखव म्हणाले नाही.

तिनं आज्जींची फाईल उघडून डोळ्यांचा लेअर उडवला. खालून मिटलेल्या पापण्या वर आल्या. शांत. पण रुद्राणीच्या फोटोत काही फरक पडला नाही. पडणार कसा? छापलेले डोळे तर तिच्या घरी पोचले होते, काचेआड.

तिनं योगीराजला सगळं सांगितलं. तो आधी हसला. अप्पांना काय म्हणणार, लेकीचे डोळे वापस द्या? मग तिनं तो उलटा केलेला पासपोर्ट त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो बघितला, पालथा घातला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला. म्हणाला, दुसरी प्रिंट काढ. डोळे मिटलेली.

पण दोन दिवस प्रिंटवाल्याची मशीन बंद पडून होती. प्रिंट हाती आली ती अकराव्या दिवशी. त्या दिवशी गणाराधना होती, म्हणजे मयताच्या नावानं जंगम स्वामींची पूजा आणि जेवण.

मनकर्णा ती प्रिंट पाकिटात घालून योगीराजबरोबर पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. अंगणात मांडव, जंगमांची पूजा झालेली, प्रसादाची पहिली पंगत बसलेली. ओसरीवर पाटावर आज्जींचा फोटो, बेलाची माळ घातलेला. येणारा जाणारा फोटोपुढे वाकत होता आणि सरळ होताना म्हणत होता, नजर बघा कशी स्वच्छ. अप्पा शेजारी उभे राहून प्रत्येकाला तेच सांगत होते. सुईत दोरा ओवायची. शेवटपर्यंत.

ऐकणारे मान हलवत होते. गल्लीतलेच होते सगळे. काळे चष्मे लावून आलेल्या म्हाताऱ्यासुद्धा मान हलवत होत्या.

मनकर्णानं रुद्राणीच्या आईला बाजूला घेतलं आणि पोरीची चौकशी केली. रुद्राणीच्या आईचा चेहरा सकाळपासून रडून सुजलेला. कालपासून अजिबातच दिसत नाही म्हणाली. उन्हाची तिरीप लागली की पोरगी ओरडते, म्हणून माडीवर पडदे लावून निजवलंय. पाव्हणे गेले की तिला मोठ्या दवाखान्यात नेणार.

"माडीवरचं दार?" मनकर्णानं विचारलं.

रुद्राणीच्या आईनं कपाळाला हात लावला. आठवायला लागली.

मनकर्णाची नजर सहज फोटोवर गेली. छापला तेव्हा ते डोळे समोर बघत होते. तिनं स्वतः बसवले होते. केसाएवढाही फरक तिला कळला असता...

आता ते वर बघत होते.

जिन्याकडे.

ती चपलांसकट पळाली. पंगतीतून, द्रोण ओलांडत. लोक ओरडले असतील, तिला आठवत नाही. जिना चढताना मात्र वरचा आवाज तिनं ऐकला. पायांचा. सावकाश, घासत टाकलेल्या पायांचा. एका माणसाचे पाय असे वाजत नाहीत... ते दोघींचे होते.

माडीवर पडदे ओढलेले होते. टोकाचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून ऊन आत कोसळत होतं. इतकं पांढरं की दाराची चौकटसुद्धा त्यात उडून गेली होती. त्या पांढऱ्याकडे रुद्राणी चालली होती. एक हात पुढे. दुसरा हात बाजूला, जरासा वर, कुणाच्या तरी मुठीत दिल्यासारखा.

"आले, आज्जी," ती म्हणत होती. "तिकडं उजेड हाय."

मनकर्णानं वेणी धरली. तेवढीच हाताला आली. दोघी दारापासून हातभर अंतरावर फरशीवर आपटल्या. रुद्राणीचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. खालून मांडवाचं कापड फडफडल्याचा आवाज आला.

मागोमाग अप्पा आले. त्यांच्या मागे रुद्राणीची आई, योगीराज, जिन्यावर अर्धी गल्ली. अप्पांनी लेकीला ओढून आत घेतलं. पोरगी बापाच्या तोंडाकडे बघत होती आणि बघत नव्हती. मग अप्पांनी दार लोटलं. कडी घातली.

माडीत काळोख व्हायला हवा होता.

झाला नाही.

पांढरं तसंच राहिलं. भिंतींवर, पडद्यांवर, सगळ्यांच्या तोंडांवर. कुणाची सावली कुठं पडत नव्हती. मनकर्णा सांगते की आपणच केलेल्या फोटोत आपण येऊन उभे राहिलोय, असं तिला वाटलं.

आणि लावलेल्या दाराशी, अगदी कडीजवळ...

"उजेड लय कमी हाय, विरू."

हे सगळ्यांनी ऐकलं. जिन्यातल्यांनीही.

अप्पांनी मान वर केली नाही. लेकीला धरून, जमिनीकडे बघत, गल्ल्यावर बसल्यासारखं ते सहज बोलून गेले...

"दिवाळीनंतर बघू, आई."

कुणी हललं नाही. आपण काय बोललो ते अप्पांना सगळ्यांत शेवटी कळलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मनकर्णानं हातातलं पाकीट उघडलं आणि डोळे मिटलेली प्रिंट त्यांच्यापुढे फरशीवर ठेवली. ते त्या मिटल्या पापण्यांकडे बघत राहिले.

"दिसत नव्हतं आईला," ते म्हणाले. "चार वर्षं. कायबी दिसत नव्हतं."

भिंतीवरचं पांढरं जरासं मातकट झालं. रुद्राणीनं पापण्या मिटल्या, उघडल्या. तिची नजर बापाच्या हनुवटीवर येऊन थांबली. "पप्पा," ती हळूच म्हणाली, "तुमी रडायलात?"

पण दाराशी जे उभं होतं ते गेलं नव्हतं. ते सगळ्यांना जाणवत होतं. कडी बारीक हलत होती. एवढ्यानं भागणार नव्हतं.

रुद्राणीची आई नवऱ्याकडे बघत होती. जिन्यातले सगळे बघत होते. अप्पांनी लेकीचं डोकं छातीशी धरलं आणि पहिल्यांदाच, मान वर करून, ते त्या दाराकडे तोंड करून बोलले.

"नजर आली असती तर तू परत गल्ल्यावर बसली असतीस, आई. म्हणून मी तुला शिबिराला नेलं न्हाई."